खाली हाय

माझ्या मामीवर एकदा नवऱ्याच्या जिवावर उठल्याचा आळ आला होता, आणि तोही एका शब्दापायी. शब्द काही जड नाही. उठता-बसता आपल्या तोंडात असतो तो, 'खाली'. खाली बस, खाली ठेव, खाली बघून चाल. या शब्दानं कुणाचं काही वाईट होईल असं वाटतसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून मला हा शब्द दिसला की मी आधी त्याच्याकडे संशयानं बघते आणि मग पुढं जाते.

मी दौंडची. वडील रेल्वेत, राहायला क्वार्टरमध्ये. आमच्या ओळीत एक घर मराठी, एक तेलुगू, एक भोपाळकडचं, आणि सगळ्यांची पोरं एकाच नळावर भांडणारी. त्यामुळे मला 'खाली'चा रिकामा हा अर्थ आईच्या दुधाबरोबरच मिळाला. वडील घरी येऊन सांगत की आज खाली रेक आला, म्हणजे मालगाडीचे सगळे डबे रिकामे. भोपाळची काकू 'सिलेंडर खाली हो गया' म्हणून आमच्याकडे चहा टाकायला यायची. तेलुगू काकू तोच शब्द 'खाळी' असा ळ लावून म्हणायची आणि रिकामा डबा वाजवून दाखवायची. आम्हा पोरांना त्या ळची फार मजा वाटे.

मामाचं गाव कवठे येमाई. दौंडहून शिरूरची एसटी, शिरूरहून दुसरी. त्या वाटेवर कुठंतरी, कुणाला न सांगता, हा शब्द कूस बदलायचा. कवठ्याला खाली म्हणजे फक्त खालच्या बाजूला. तिथं भांडं रिकामं असतं, घर रिकामं असतं, आणि सुट्टीला आलेली भाची रिकामटेकडी असते. 'ट्रॉली खाली केली' असं तिथंही म्हणत, पण त्यात उसाच्या मोळ्या वरून खाली पडतात म्हणून ते खाली, अशी सगळ्या गावाची पक्की समजूत. मी एकदा मामांशी त्यावरून वाद घातला होता. ते म्हणाले, मग काय, मोळ्या वर पडत्यात व्हय?

मामांचे वडील तरुणपणापर्यंत मेंढरांमागं फिरले. मामा मात्र पुरते शेतकरी झालेले, एका जागी पाय रोवून बसणारे. तोच त्यांचा अभिमान आणि तोच त्यांचा हट्ट. मामीही काही कमी हट्टी नव्हती. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे त्या उन्हाळ्यात, नव्वदच्या दशकात, मी कॉलेजच्या सुट्टीला तिकडे गेले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं.

कारण विहीर. विहिरीला एका कोपऱ्यात झरा होता, बारीक पण इमानी. मामांना विहीर आणखी खोल न्यायची होती. खाली सगळा कातळ, म्हणजे सुरुंग लावणं आलं. मामीचं म्हणणं, दणक्यानं कातळाला चीर गेली आणि झरा दुसरीकडे वळला तर आहे तेही पाणी जाईल. यावर मामा म्हणाले की तुला त्यातलं काय कळतं. झालं. मी पोचल्यापासून त्या घरातली सगळी बोलणी, पोरं लहान म्हणून, माझ्यामार्फत चालली होती. मामा हातभर अंतरावर बसलेले असताना मामी मला सांगायची, भाकरी झालीय म्हणावं. आणि मामा मला सांगायचे, भूक न्हाई म्हणावं, आणि ताट ओढून घ्यायचे. मला आधी हसू यायचं, मग कंटाळा यायला लागला.

त्यातली एक गोष्ट माझ्या कानाला लागली होती. मामी एरवी मामांबद्दल बोलताना 'आलेत का', 'गेलेत का' असंच बोलायची. तिकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण मान घेतल्याशिवाय राहत नाहीत. अबोला धरल्यापासून मात्र ती एकेरीवर आली होती. आला का, जेवला का. तोंडावर बोलायचं नाही, मग राग काढायचा कुठं? तिनं तो क्रियापदात काढला होता. मला ते कळत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सुरुंग लावायला राजस्थानकडची माणसं आली होती. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, एक मिस्त्री आणि त्याचे दोन साथीदार. मिस्त्री मधल्या वयाचा, कमी बोलणारा. बाजारहाट करून करून मराठी बऱ्यापैकी शिकलेला, पण कामाच्या घाईत हिंदीवर जाणारा. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी कातळात भोकं पाडली, त्यांत दारूचे बार भरले, आणि त्याची वायर वर आणून लांब बाभळीखाली उभ्या केलेल्या ट्रॅक्टरपर्यंत नेली. वायरची दोन टोकं बॅटरीला लावली की बार उडणार. साथीदारांनी सगळ्यांना हाकलून मागं नेलं. भावकीतली बरीच माणसं बघायला जमली होती. विहिरीवर सुरुंग उडणार म्हटल्यावर कोण घरात बसतं?

मामांना आयत्या वेळी आठवलं की मोटार काढली, पण जुना पाइप तसाच आत लोंबतोय, आणि त्याच्या तोंडाला पाणी धरून ठेवणारा फुटवॉल नवाकोरा आहे. कुणाला काही न सांगता ते पलीकडच्या पायऱ्यांनी आत उतरले. मध्ये मुरमाचा भला मोठा ढीग होता, त्यामुळे ट्रॅक्टरकडून ती बाजू दिसत नव्हती. त्यांना उतरताना फक्त मामीनं पाहिलं. ती चहाची किटली घेऊन ढिगाच्या कडेला बसली होती. एरवी तिनं ओरडून विचारलं असतं, कुठं निघालात. पण बोलणं बंद होतं.

कॉम्प्रेसरचं इंजिन अजून धडधडत होतं. मिस्त्रीनं ट्रॅक्टरजवळून, विहिरीच्या सगळ्यात जवळ बसलेल्या माणसाला, म्हणजे मामीला, मोठ्यानं विचारलं, "कुआँ खाली है ना?"

मामीनं किटली उचलली आणि म्हणाली, "हाय की. खाली हाय."

मी दोघांच्या मधे उभी होते. मी दोन्ही वाक्यं ऐकली, आणि दौंडच्या कानांनी ऐकली. माझ्या मनात एवढंच आलं की चला, विहीर रिकामी आहे. मामी उठून शांतपणे मागं आली. नवरा खाली, विहिरीत आहे ना असंच त्यानं विचारलं, असं तिला वाटलं होतं, आणि तिनं सांगायचं ते सांगितलं होतं. तिच्या हिशेबी आता ही माणसं मामा वर येईपर्यंत थांबणार होती. मिस्त्रीच्या हिशेबी विहिरीत पाखरूसुद्धा नव्हतं. तो वाकला आणि त्यानं टोकं बॅटरीला लावली.

काहीच झालं नाही.

मी कानात बोटं घालून उभी होते. ती काढली आणि पुन्हा घातली. मिस्त्रीनं टोकं दातांनी खरवडून साफ केली आणि पुन्हा लावली. तरी काही नाही. त्यानं साथीदाराला कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं. इंजिन थांबलं, सगळं शांत झालं, आणि विहिरीतून मामांचा खणखणीत आवाज आला.

"मिस्त्री, तुमची वायर तुटली वो. माझ्या पायपात आडकली हुती."

मिस्त्रीच्या हातातून टोकं गळून पडली. तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला आणि तसाच घसरत खाली बसला. मामीच्या हातातली किटली तिरपी झाली होती आणि चहा तिच्या पावलावर सांडत होता. चहा गरम होता, तरी तिला त्याचा पत्ता नव्हता.

मामा फुटवॉल खांद्यावर टाकून पायऱ्या चढून वर आले, वायर तुटल्याबद्दल थोडे ओशाळलेले. सगळ्यांचे चेहरे बघून ते थबकले.

भावकीत मामांचे एक थोरले चुलतभाऊ होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. दुसऱ्याच्या भांडणात न बोलावता जाऊन बसायचा त्यांना भारी शौक. ते पुढं आले आणि मिस्त्रीला दरडावून विचारू लागले की आत माणूस असताना टोकं लावलीसच कशी. दोनचार तरणी माणसं मिस्त्रीच्या भोवती झाली. एकानं त्याची गचांडी धरली. मिस्त्री हात जोडून उठला. आपलं म्हणणं सगळ्यांना नीट कळावं म्हणून त्यानं ते आठवून आठवून मराठीत सांगितलं. "मी विचारला होता. बाई बोलली, विहीर रिकामी आहे."

त्यानं भाषांतर केलं, आणि तिथं घात झाला. तो 'खाली'वर थांबला असता तर बरं होतं. पण बिचाऱ्याला 'रिकामी' हा नेमका मराठी शब्द येत होता.

"म्या रिकामी कवा म्हनले?" मामी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग काय म्हणालीस, असं आप्पांनी विचारलं. खाली हाय म्हणले, असं तिनं सांगितलं. क्षणभर सगळे पुन्हा मिस्त्रीकडे वळले, कारण खाली हाय म्हणजे माणूस आत आहे, यात कवठ्यात कुणाला काय शंका असणार? पण आप्पांनी हात वर केला. हा परका माणूस खोटं कशाला बोलेल, त्याचं काय अडलंय, असं ते म्हणाले. भांडण तर घरातलंच होतं. दोघांचं बोलणं बंद आहे हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. नवरा आत असताना ही उठून निवांत मागं आली, हेही सगळ्यांनी बघितलं होतं. माणसं हळूहळू मिस्त्रीपासून सरकली. कुणी काही ठरवलं नाही, तरी मामीच्या भोवती जागा मोकळी झाली.

मग आप्पांची बायको बोलली. तिनं जे काढलं ते तिथल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नसतं.

"नवऱ्याबद्दल बोलायचं म्हंजी 'खाली हायेत' म्हनंल ना बाई," ती म्हणाली. "हिनं 'हाय' म्हनलं. नवरा का एकेरीत बोलायचा असतो? ही विहिरीबद्दलच बोलली."

बायका कुजबुजल्या. मामीचा चेहरा उतरला. तिच्याकडे याला उत्तर होतं, पण ते चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. गेले कित्येक दिवस मी रागानं नवऱ्याबद्दल एकेरीत बोलतेय, असं ती आप्पांपुढं कशी सांगणार? आणि सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, राग होताच. एक 'येत' तिनं गाळला होता. तो तोंडात असता तर कदाचित मिस्त्रीच्या कानाला ते वेगळं लागलं असतं आणि तो थबकला असता. हे तिलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती आप्पांच्या बायकोकडे न बघता आपल्या हातांकडे बघत राहिली.

मला राहवेना. मी मधे घुसले. आप्पा म्हणाले, बरं झालं, ही पोरगी शिकल्याली हाय, हिला इचारा. तू काय ऐकलंस? मी म्हणाले, खाली हाय. आणि घाईघाईनं सांगू लागले की हिंदीत खाली म्हणजे रिकामं, त्यानं रिकामं विचारलं, हिनं खालच्या बाजूचं सांगितलं, दोघंही खरं बोलताहेत. माझा आवाज चिरकत होता. आप्पांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, आणि मग म्हणाले की आमाला आता खाली शिकवतीस व्हय. कुणी हसलं नाही. एकच शब्द आणि त्याचे दोन अर्थ, हे त्यांना पटत नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला त्यांना पटवून घ्यायचंच नव्हतं. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याचा आणखी संताप आला.

आप्पांनी भंडारा आणायला सांगितलं. आमच्याकडं भंडारा उचलून खोटं कुणी बोलत नाही. घरातून देवाजवळची वाटी आली. मामीनं पदर सावरला, मूठभर हळद तळहातावर घेतली आणि विचारलं, कशाची शपथ घिऊ? मग स्वतःच म्हणाली, "म्या खाली हाय म्हनले, ह्याची घेते."

कुणी काही बोलायच्या आत मिस्त्री पुढं आला. त्यानं वाटीत हात घातला आणि तोही पिवळा हात पुढं करून म्हणाला, "हाँ, यही बोली. खाली है. मैं भी कसम खाता हूँ."

दोघांचे हात एकाच वाटीतल्या भंडाऱ्यानं माखलेले, दोघांच्या तोंडी तेच शब्द. आप्पा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. त्यांच्या आयुष्यात कुणी शपथेचं असं वाटोळं केलं नसेल. तरी गर्दीतून कुणीतरी म्हणालंच की मग दोघांतलं खरं कोन?

या सगळ्यात मामा एक अक्षर बोलले नव्हते. फुटवॉल खांद्यावरून उतरवून त्यांनी पायाशी ठेवला होता आणि ते बघत उभे होते. मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येत होता. आप्पांना काय वाटतं याच्याशी मामीला काही देणंघेणं नव्हतं. ती एकट्या मामांकडे बघत होती. त्यांनी विश्वास ठेवला तर ती त्या घरात राहणार होती, नाहीतर राहूनही नसणार होती. एवढं तर मलासुद्धा कळत होतं. आणि हा माणूस नुसता उभा.

शेवटी मामांनी आभाळाकडे बघितलं. बार भरलेले आहेत, ते म्हणाले, अंधार पडायच्या आत उडवले पाहिजेत. तुटलेली वायर जोडायला कुणाला तरी परत आत उतरायला हवं. मिस्त्री मागं सरला. त्याला उतरायचं नव्हतं, आणि का ते उघड होतं. वर एवढी तापलेली माणसं, आणि बॅटरी त्यांच्या ताब्यात. मामा त्याला म्हणाले, चल, मी येतो संगं. आप्पांनी लगेच हात पुढं केला, की वरची टोकं माझ्याकडं द्या.

मामा ट्रॅक्टरपाशी गेले, जमिनीवर पडलेली दोन्ही टोकं उचलली, आणि आप्पांच्या पुढ्यातून चालत मामीकडे आले. एक टोक त्यांनी तिच्या एका हातात दिलं, दुसरं दुसऱ्या. बॅटरी तिच्यापासून हातभर लांब होती.

"धर," ते म्हणाले. "आमी वर येस्तवर दुसऱ्या कुनाच्या हातात देऊ नको."

इतक्या दिवसांत ते तिच्याशी सरळ बोलले ते हे. मग ते मिस्त्रीला घेऊन विहिरीकडे गेले आणि ढिगाआड दिसेनासे झाले.

मामी ट्रॅक्टरजवळ उभी राहिली. भांडणाऱ्या दोन पोरांना लांब लांब धरावं तसे तिनं दोन्ही हात फाकवून धरले होते. वायरच्या तांब्याला तिच्या हातातला भंडारा लागला होता. विहिरीतून अधूनमधून दगडावर पाय घसरल्याचा आवाज यायचा, की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. मी मनात नुसती म्हणत होते, कुणी तिला धक्का देऊ नका, कुणी हाक मारू नका. मी जवळ जाऊन म्हटलं, एक टोक मी धरू का. तिनं मान हलवली, नको.

वारा सुटला आणि तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. समोर आप्पा, थोरला दीर. तिला पदर घेता येईना, दोन्ही हात अडकलेले. ती तशीच उघड्या डोक्यानं, मान खाली घालून उभी राहिली, पण हात जवळ आणले नाहीत. तेव्हा बायकांतून आप्पांची बायको उठली. सावकाश, एकेक पाऊल जपून टाकत ती मामीच्या मागं गेली, खांद्यावर पडलेला पदर उचलला आणि तिच्या डोक्यावर नीट बसवला. तिथंच उभी राहिली, पदर धरून. मला वाटतं, निकाल तिथंच लागला.

मामा वर आले, त्यांच्या मागून मिस्त्री. मिस्त्रीनं सवयीनं तोंड उघडलं, आपला रोजचा प्रश्न विचारायला. मग मिटलं. तो नुसता मामीकडे बघत राहिला.

"दोघंबी वर आलेत," मामी म्हणाली. "विहिरीत कुनी न्हाई."

मिस्त्रीनं तिच्या हातातून टोकं घेतली. बार उडाला तेव्हा जमीन पायाखालून हलली आणि धुरळ्याबरोबर दगडांचे तुकडे बाभळीपर्यंत आले. मामी मटकन बसली आणि तेव्हा कुठं तिला पायाचा चटका जाणवला.

झरा गेला नाही. वाढला म्हणावं तर तसंही नाही. पाणी मामांना हवं होतं त्याच्या निम्म्यावर आलं, म्हणजे दोघंही निम्मे निम्मे जिंकले. त्या संध्याकाळी मामांनी भाकरी मागितली ती सरळ मामीकडे. पुढं कित्येक वर्षं त्यांना एक चाळाच लागला. मामीनं दारातून कुणाला विचारलं की ते आलेत का, तर ते आतूनच ओरडायचे, "हायेत, खाली हायेत." ती चिडायची. त्यांना तेच हवं असायचं. आप्पा मात्र ही गोष्ट गावात अशी सांगत फिरले, की जणू दोन अर्थांचा उलगडा त्यांनीच केला.

मामीनं तो शब्द टाकला. पुन्हा कधी तिच्या तोंडून मी तो ऐकला नाही. बुडाला ठेवलंय, भुईवर बस, पायथ्याला गेलेत, असं काय वाटेल ते म्हणेल, पण खाली नाही.

मी मात्र त्या शब्दाच्या मागेच लागले. कॉलेज उघडल्यावर वाचनालयातला जाडजूड कोश काढला. तिथं कळलं की हा एक शब्द नव्हेच, दोन आहेत, एकमेकांची ओळखदेख नसलेले. एक घरचा. खाल म्हणजे सखल बाजू, खालचा आणि खालून ही त्याचीच लेकरं. दुसरा अरबीतला, फारसीच्या पाठीवर बसून इकडं आलेला, त्याचा अर्थ रिकामा. मग मला तो जिथं तिथं भेटू लागला. आमच्या इथले तबलजी शिकवताना समेला टाळी वाजवायला सांगत आणि खालीला, म्हणजे तालातल्या रिकाम्या जागेला, नुसता हात उघडायला लावत. तो उघडा हात म्हणजे हाच अरबी पाहुणा. खालसा आणि खलास यांनाही मी त्याच्या घरात ढकलत होते, पण कोश म्हणाला, ते वेगळ्या घरचे. माझी चांगलीच निराशा झाली. एकमेकांना परके दोन शब्द एकाच आवाजात येऊन कवठ्याच्या विहिरीवर भेटले, आणि तिसरा आमचा 'हाय' त्यांच्यात सामील झाला, एवढंच ते होतं. पुस्तकात बघितलं की सगळं किती सोपं दिसतं.

मामा गेले ते पुढं बऱ्याच वर्षांनी, दुपारी जेवून पडले असताना, झोपेतच. विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांना अग्नी दिला. मुलगी सासरी आणि मुलगा पुण्याला, घरात मामी एकटी. त्या सुमाराला तिकडे पोल्ट्रीवर कामाला परप्रांतातली माणसं यायला लागली होती. त्यांना राहायला जागा हव्या असत. येता-जाता दारात थांबून विचारत, चाची, घर खाली है क्या? मामी तोंड फिरवून आत जायची. मुलगा म्हणायचा, नाही म्हणून सांगून टाक की. पण तेवढंही तिच्यानं व्हायचं नाही.

तशात दौंडला आमच्या शेजारचा मुलगा मस्कतहून सुट्टीला आला. तिकडे तो एका घरची गाडी चालवायचा. माझी खोड काही गेलेली नव्हती. मी त्याला विचारलं, तिकडं खाली म्हणतात का रे? तो म्हणाला, म्हणतात की, रिकाम्याला. आणि हसून म्हणाला, मला आधी गंमतच वाटायची ताई. त्यांच्या आईचा भाऊ घरी आला की पोरं 'खाली, खाली' करत दारात पळायची. मला वाटायचं, काय रिकामं झालं? मग समजलं. खाल म्हणजे मामा. खाली म्हणजे माझा मामा.

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी कवठ्याला गेले. मामी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती, कारण तिच्यापुढं तो शब्द इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता. तिनं हातातली पाकळी सोलून पूर्ण केली.

"म्हंजी त्या दिवशी," ती म्हणाली, "म्या म्हनले, माझा मामा हाय?"

व्हय, मी म्हणाले, त्यांच्या भाषेत तसंच झालं.

"तुझा मामा हाय, आसं."

"व्हय."

ती विहिरीकडं नाही, मागं वळून घराकडं बघू लागली. उघड्या दारातून आतली खुंटी दिसत होती आणि तिच्यावर मामांचं पागोटं तसंच टांगलेलं होतं. मग तिनं सोललेल्या पाकळ्या एका बाजूला केल्या आणि पदराला हात पुसले.

"मग आता कुनी इचारलं ना, चाची, घर खाली हाय का," ती म्हणाली, "तर म्या व्हय म्हनीन. हाय की, तुझा मामा घरातच हाय."